परदेशातील सेवा-सहली : सेवा कोणाची, सहल कोणाची?

(शालेय विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जून महिना उजाडला की अमेरिकेतील शाळा बंद होतात आणि पंधरा ते अठरा वर्षांची मुले गटागटाने विमानतळांवर जमू लागतात. कोणी कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायला निघालेले असते, कोणी थायलंडमध्ये हत्तींना आंघोळ घालायला, कोणी दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायला, तर कोणी आफ्रिकेतीलच एखाद्या खेड्यात शाळेची भिंत बांधायला. दोन ते चार आठवड्यांचा कार्यक्रम, सोबत देखरेखीसाठी गटप्रमुख, विमा, निवास, भोजन आणि शेवटी सेवेचे तास नमूद केलेले प्रमाणपत्र. त्यासाठी पालक काही हजार डॉलर मोजतात. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही ही प्रथा आता अपरिचित नाही. इकडे आपल्या महानगरांतील ज्या शाळा इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा पदविका अभ्यासक्रम शिकवतात, त्यांच्या विद्यार्थ्यांना सेवाकार्य हा अभ्यासक्रमाचा आवश्यक भागच असतो. त्यामुळे अशा सहलींची गुळगुळीत माहितीपत्रके आपल्याही घरात येऊ लागली, तर आश्चर्य वाटायला नको.

माहितीपत्रकात ‘सेवा’ हा शब्द हमखास असतो. आपल्या भाषेत हा शब्द हलका नाही. आजारी माणसाची सेवा करणारा स्वतःच्या सवडीने उठत नाही. रुग्णाला तहान लागते तेव्हा उठतो. सेवेची वेळ, सेवेची रीत आणि सेवेचा शेवट, तिन्ही गोष्टी ज्याची सेवा करायची तो ठरवतो. सहलीचे नेमके उलट असते. तेथे वेळ प्रवाशाची, आवड प्रवाशाची आणि परतीचे तिकीटही आधीच काढलेले. हे दोन शब्द एका जोडशब्दात बसवले म्हणजे त्यांच्यातील विरोध मिटतो असे नाही. कोणत्याही सेवा-सहलीत अखेर एक बाजू दुसरीला आपल्या मागे ओढते. ती कोणती, हे पालकांनी पैसे भरण्यापूर्वी ओळखायचे असते.

कल्पना तशी जुनी आहे. १९३२ साली डोनाल्ड वॉट यांनी काही अमेरिकन तरुणांना युरोपात नेले. परक्या देशातील कुटुंबात राहिल्याने माणूस माणसाला ओळखतो, एवढीच त्यांची धारणा होती; सेवेचा दावा त्यात नव्हता. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ स्थापन केले आणि परदेशी जाऊन काम करणे हे अमेरिकन तरुणाईचे स्वप्न झाले. १९६५ साली ह्यूस्टनमधील एका चर्चच्या युवक-प्रमुखांनी शाळकरी वयाच्या मुलांना होंडुरासमध्ये पोलिओ लसीकरणासाठी नेले. ‘अमिगोस दे लास आमेरिकास’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. आज कोणतेही सरकार परदेशी शाळकरी पोरांच्या हाती लसीकरण सोपवणार नाही, आणि संस्थेनेही पुढे आपल्या कामाचे स्वरूप बदलले. परंतु त्या काळी हेतू चांगला असला की पुरे, असाच समज होता.

त्या समजाला पहिला जाहीर धक्का दिला तो इव्हान इलिच यांनी. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे उन्हाळी सेवेसाठी येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांचे भाषण झाले. आमच्याकडे पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या; मदत करायला मात्र येऊ नका, असे त्यांनी त्या मुलांना तोंडावर सांगितले. ज्या गावाची भाषा येत नाही, ज्या गावाने बोलावलेले नाही, त्या गावाला आपल्या चांगुलपणाचा भार का वाहायला लावता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. भाषण कठोर होते, काही अंशी एकांगीही होते. पण साठ वर्षे होत आली तरी या क्षेत्रातील जाणते लोक त्याला बगल देऊ शकलेले नाहीत.

इलिच यांचा आक्षेप सर्वत्र लागू पडतो का? याचे उत्तर शोधायला कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरो हे गाव उपयोगी पडते. या गावाला रस्ता नाही. कालव्यांतून होडीने किंवा छोट्या विमानाने जावे लागते. समोर सुमारे पस्तीस किलोमीटर लांबीचा काळसर वाळूचा किनारा. जुलै ते ऑक्टोबर या काळात हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री या वाळूत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या किनाऱ्यावर कासव म्हणजे केवळ माल होता. राखणदार रात्री किनाऱ्यावर फिरून वर आलेल्या माद्या पाठीवर उलट्या करून ठेवत. उलटलेले कासव पळू शकत नाही. मग ती कासवे बोटीने लिमोन बंदरात जात आणि तेथून त्यांच्या मांसाची आणि सूपाची बाजारपेठ त्यांची वाट पाहत असे.

फ्लोरिडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार १९५० च्या दशकात येथे आले. त्यांनी माद्यांच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायांना क्रमांक कोरलेल्या धातूच्या पट्ट्या लावायला सुरुवात केली, कारण कासव येथून जाते कोठे हेच तोवर कोणाला ठाऊक नव्हते. १९५९ साली या कामासाठी ‘कॅरिबियन कॉन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन’ ही संस्था निघाली. आज तिचे नाव ‘सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी’ आहे. १९७५ साली तोर्तुगेरोचे राष्ट्रीय उद्यान कायद्याने पक्के झाले. १९९९ साली कोस्टा रिकाच्या न्यायालयाने हिरव्या कासवांच्या उरल्यासुरल्या परवानाधारक शिकारीलाही मनाई केली. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून या शतकाच्या आरंभापर्यंत येथील घरट्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. (अलीकडच्या वर्षांत ती पुन्हा घटू लागल्याचे याच मोजणीतून दिसून आले आहे. मोजणी थांबली असती, तर ही घट कोणाच्या लक्षातही आली नसती.)

या कामात आलेल्या पाहुण्यांना मोठे स्थान आहे. पण ते स्थान नेमके कोणते, हे पाहण्यासारखे आहे. रात्रीच्या गस्तीला निघताना गडद रंगाचे कपडे घालावे लागतात. पांढरा प्रकाश वर्ज्य, छायाचित्रण वर्ज्य. मादी वाळू उकरत असताना जवळ जायचे नाही, कारण चाहूल लागली तर ती अंडी न घालताच समुद्रात परतते. अंडी पडायला लागली, की मागच्या बाजूने जाऊन मोजायची. मग पाठीची लांबी-रुंदी, पट्टीचा क्रमांक, वेळ, जागा, सारे वहीत. गस्त चार-चार तासांची असते, पायाखाली ओली वाळू, अंगावर पाऊस आणि डास. अनेक रात्री काहीही दिसत नाही. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या शाळकरी मुलांच्या वाट्याला तर याहूनही साधी कामे येतात: वाहून आलेले ओंडके आणि प्लास्टिक हटवून कासवांची वाट मोकळी करणे, हॅचरीवर पहारा देणे, पिल्ले निघून गेल्यावर घरटे उकरून फुटलेली आणि न उबलेली अंडी वेगळी मोजणे. या शेवटच्या कामाचा वास अंगाला दोन दिवस चिकटून राहतो.

एखाद्या पहाटे वाळूत अर्धवट खाल्लेले मोठे कासव आढळते. तोर्तुगेरोच्या जंगलातील जॅग्वार किनाऱ्यावर येऊन कासवांची शिकार करतात. आदल्या रात्री ज्या मादीसाठी श्वास रोखून धरला, तिची ही दशा पाहून शहरी मुलांचे डोळे भरून येतात. त्यांना वाटते, काहीतरी केले पाहिजे. देखरेख करणारा शांतपणे सांगतो, काहीही करायचे नाही. जॅग्वारलाही या उद्यानात तेवढाच हक्क आहे. फक्त नोंद करायची. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या दयेला आवर घालायला शिकवणारी ही शाळा अमेरिकेच्या, किंबहुना आपल्याकडच्याही, कोणत्या वर्गात भरते?

येथे इलिच यांचा आक्षेप बराचसा निष्प्रभ होतो. कारण काम मुलांसाठी निर्माण केलेले नाही. मुले आली नाहीत, तरी कासवे मोजली जाणारच. हिरवे कासव वयात यायला काही दशके घेते आणि मादी साधारणपणे दोन-तीन वर्षांच्या अंतराने अंडी घालायला येते. त्यामुळे आज एखाद्याने नोंदवलेला पट्टीचा क्रमांक पुढील पिढीतील संशोधकाच्या उपयोगी पडू शकतो. म्हणूनच आकडा चुकीचा लिहिणाऱ्या उत्साही मुलापेक्षा, आकडा दोनदा तपासणारे कंटाळलेले मूल अधिक मोलाचे. शिवाय गावही बदलले आहे. एके काळी ज्या घरांची चूल कासवाच्या मांसावर पेटे, त्या घरांतील मंडळी आज परवानाधारक वाटाडे आहेत. पाहुण्याच्या मुलाला वाट दाखवणारा, गप्प बसवणारा, माघारी फिरवणारा हा गावकरी आहे, आणि पाहुणा त्याचे ऐकतो.

परंतु याच किनाऱ्यावर, तोर्तुगेरोच्या दक्षिणेला, लिमोन बंदराजवळ मोईनचा किनारा आहे. तेथे हैरो मोरा सांदोवाल हा सव्वीस वर्षांचा स्थानिक तरुण लेदरबॅक कासवांची घरटी राखत असे. अंडी चोरून विकणाऱ्या टोळ्या तेथे शस्त्रे बाळगून होत्या आणि त्या किनाऱ्यावर अमली पदार्थांचीही ने-आण चाले. त्याने पोलीस संरक्षण मागितले होते. मे २०१३ च्या अखेरच्या रात्री तो चार परदेशी स्वयंसेविकांसह गस्तीवर असताना बुरखाधाऱ्यांनी त्यांना अडवले. त्या चौघींची सुटका झाली. हैरोचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत सापडला. पहिल्या खटल्यात २०१५ साली आरोपी सुटले. फेरखटल्यात २०१६ साली चौघांना शिक्षा झाली. देखरेख, सुरक्षितता हे शब्द माहितीपत्रकात वाचताना हे नाव आठवले पाहिजे. आपल्या मुलाच्या सुरक्षिततेची चौकशी पालक करतातच. मात्र मुलाच्या पुढे कंदील घेऊन चालणाऱ्या स्थानिक तरुणाचा विमा आहे का, त्याला धमक्या येतात का, आपल्या मुलांच्या गटाची उपस्थिती त्याचा धोका वाढवते की कमी करते, हे विचारणारे पालक विरळाच.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. दक्षिण आफ्रिकेतील काही खासगी प्रकल्पांत परदेशी तरुण पैसे भरून सिंहाच्या छाव्यांना वाढवायला जात असत. छावे अनाथ आहेत, मोठे झाले की जंगलात सोडले जातील, असे त्यांना सांगितले जाई. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हा व्यवहार जगापुढे मांडला. छावे अनाथ नसत. आईपासून मुद्दाम लवकर दूर केलेले असत, म्हणजे बाटलीने दूध पाजायला पाहुणे मिळतात आणि सिंहीण पुन्हा लवकर विते. माणसाच्या हाताने वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. तो कुरवाळण्याइतका लहान राहिला नाही की त्याच्यासोबत पर्यटकांना फिरवायचे, आणि पूर्ण वाढला की कुंपणातील शिकारीसाठी विकायचा. हाडे पूर्वेकडील बाजारात. २०२१ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने बंदिस्त सिंहपैदास थांबवण्याची शिफारस केली. तोवर हजारो सिंह या पिंजऱ्यांत जन्मले होते. त्यांना दूध पाजणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांचे प्राणिप्रेम खरे होते. तेच तर त्या धंद्याचे भांडवल होते.

हत्तींच्या आंघोळीचेही तसेच. हत्ती स्वतःची आंघोळ स्वतः करतो. रोज नव्या माणसांनी अंगाला हात लावलेला त्याने सहन करावा, यासाठी त्याला आधी माणसाच्या धाकात आणावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमधील एका केंद्रात हत्तीला आंघोळ घालत असताना स्पेनची एक विद्यार्थिनी त्याच्या हल्ल्यात मरण पावली. दोष हत्तीचा म्हणावा, असे कोण म्हणेल?

जे छाव्यांच्या बाबतीत घडले, ते माणसांच्या पिल्लांच्या बाबतीतही घडले आहे, आणि ते अधिक विदारक आहे. कंबोडियात पर्यटन वाढले तशी अनाथालयेही वाढली; मात्र पाहणीत असे आढळले की त्यांतील चारपैकी सुमारे तीन मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात आहे. नेपाळमध्येही बहुसंख्य बालगृहे काठमांडू, पोखरा अशा पर्यटकांच्या वाटेवरील भागांतच एकवटलेली. गरीब घरांतून शिक्षणाच्या आमिषाने आणलेली मुले पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केली जात. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा येतो, लळा लावतो, रडून निरोप घेतो आणि जातो. त्या लहानग्याने असे किती निरोप सोसायचे? ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्यापूर्वीच्या संसदीय चौकशीत या अनाथालय-व्यापाराची गंभीर दखल घेतली गेली. आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला एखाद्या अनोळखी संस्थेने आपल्या गावातील बालवाडीत दोन आठवड्यांसाठी, कोणतीही चौकशी न करता, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळू दिले असते का, एवढा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारला तरी पुरे.

बांधकामाच्या सहलींबद्दल २०१४ साली एका अमेरिकन तरुणीने लिहिलेला लेख बराच गाजला. शाळेत असताना ती मैत्रिणींसह टांझानियात ग्रंथालयाची भिंत बांधायला गेली होती. मुली दिवसभर विटा रचत. ती भिंत इतकी वाकडी होई, की गावातील माणसे रात्री ती उतरवून सकाळपूर्वी पुन्हा बांधत, जेणेकरून मुलींचे मन दुखावू नये. या प्रसंगात सेवा झाली, यात शंका नाही. ती टांझानियातील गवंड्यांनी केली.

पालकांचा खरा हेतू पुष्कळदा निराळाच असतो, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात परदेशी सेवेचा उल्लेख उठून दिसेल, ही ती आशा. परंतु २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने प्रसिद्ध केलेल्या आणि अनेक विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी पाठिंबा दिलेल्या अहवालाने दूरदेशीच्या दिखाऊ सेवेपेक्षा आपल्याच परिसरात निदान वर्षभर सातत्याने केलेल्या कामाला अधिक मोल द्यावे, असे सुचवले. घरातील आजी-आजोबांची शुश्रूषा, धाकट्या भावंडांचा सांभाळ यांनाही त्यात स्थान दिले. मराठी घरातील आजीला हे वाचून हसू येईल. हार्वर्डला सांगावे लागले, एवढेच.

मग मुलांना परदेशी पाठवूच नये काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पंधराव्या-सोळाव्या वर्षी परक्या देशातील रात्र, परकी भाषा, फोनशिवायचे दोन आठवडे, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, यातून मूल घडते. फक्त ते शिकायला चालले आहे, हे घरात स्पष्ट असावे. विद्यार्थ्याने गुरूच्या घरी लाकडे आणावीत, पाणी भरावे. ती त्याची नम्रता, उपकार नव्हे. देखरेख करणारे कोण, त्यांना प्रथमोपचार आणि स्थानिक भाषा येते का, जवळचे रुग्णालय किती तासांवर, ही चौकशी तर हवीच. त्यापुढे जाऊन विचारावे : प्राण्याला हात लावायला मिळणार का? उत्तर ‘हो’ असेल, तर बहुधा तेथेच थांबावे. लहान मुलांसोबत काम असेल, तर मुलाची पार्श्वभूमी कोणी तपासली? जे काम ते करणार, ते स्थानिक माणूस मजुरी घेऊन करू शकला असता का?

ज्यांना समुद्रकिनाऱ्यावरचे काम मुलाला दाखवायचे आहे पण एवढा खर्च करायचा नाही, त्यांच्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणा गावकऱ्याच्या घरी उतरतो, त्याच्या घरचे जेवतो, आणि पिल्ले समुद्राकडे निघाली की दोरीच्या अलीकडे उभा राहून पाहतो. हॅचरी गावातील कासवमित्र सांभाळतात. तोर्तुगेरोला जाण्यापूर्वी एक फेरी वेळासला झालेली असेल, तर मुलाला तेथे कशाकडे पाहायचे हे आधीच ठाऊक असेल.

संस्थेला विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न उरतो. अमेरिकेतील शाळा ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतात आणि मुले परततात. तोर्तुगेरोला कासवे मात्र ऑक्टोबरपर्यंत येत राहतात, शेवटची पिल्ले त्याही पुढे दोन महिन्यांनी बाहेर पडतात. त्या महिन्यांत किनाऱ्यावर कोण चालते, त्यांचे वेतन कोठून येते आणि जुलैमध्ये भरलेल्या शुल्कातील किती रक्कम त्यासाठी मागे राहते, हे पत्र लिहून विचारता येते. उत्तर आकड्यांत आले, तर मुलाचे पारपत्र काढायला घ्यावे.